सातव्या मेंबरची सहल

आमच्या गावात निवडणूक बाई जिंकली तरी हार नवऱ्याच्या गळ्यात पडतो. जागा बायकांसाठी राखीव म्हणून बाई उभी राहते. नाव तिचं, सही तिची, बॅनरच्या कोपऱ्यात पासपोर्ट फोटोही तिचाच. मधोमध मात्र गॉगल लावलेला नवरा. मी ग्रामपंचायतीची मेंबर झाले त्या दिवशी माझा नवरा मितेश गुलालात इतका माखला होता की डोळे तेवढे दिसत होते. लोकांचे खांदे सोडून तो माझ्याजवळ आला तेव्हा मला वाटलं, आता काहीतरी बरं बोलेल. म्हणाला, "पाणी दे, घसा बसलाय."

विचुंबे ओलांडून पुढे आलात की बिल्डिंगा संपतात आणि जरा अंतरानं पुन्हा सुरू होतात. त्या मधल्या तुकड्यात आमचं गाव आहे. माझे सासरे दाजी. सगळं गाव त्यांना दाजी म्हणतं, म्हणून घरात आम्हीही तेच म्हणतो. शेती विकून त्यांनी बंगला बांधला, गेटवर सिमेंटचे दोन सिंह बसवले आणि एक वीटभट्टी हौस म्हणून चालू ठेवली. आता त्यांना प्लॉट पाडून विकायचा नाद लागला आहे. सकाळी पांढरे कपडे घालून ते अंगणात बसतात आणि येणारा-जाणारा नमस्कार करतो का, ते बघतात.

गावाच्या हद्दीत बिल्डिंगवालेही आहेत. मतदानाच्या सुट्टीला ते लोणावळ्याला जातात. एका मतानं काय होतंय, असं म्हणत जातात, आणि मग वर्षभर नळाला पाणी आलं नाही की ग्रुपवर लिहितात, लोकशाही मेली. मेली असेल. मयताला तरी यायचं होतं. मी त्यांना हसते खरी, पण माझं मत त्यांच्याहून वेगळं नव्हतं. मला लोणावळ्याला कुणी नेत नव्हतं, एवढाच फरक.

पंचायतीच्या जागा सात. तीन दाजींच्या गटाला गेल्या: मी, दिपा आणि अंकुशकाका. तीन काशिरामच्या गटाला. काशिराम म्हणजे दाजींचा चुलतभाऊ आणि जन्माचा वैरी. दोघांचा बांध एक, कुलदैवत एक, बोलण्याची तऱ्हासुद्धा एक. फक्त बिल्डर वेगवेगळे. सातवी जागा आदिवासी बाईसाठी राखीव होती. डोंगराच्या पायथ्याशी कातकऱ्यांची वाडी आहे, तिथल्या गोदानं एकटीनंच अर्ज भरला आणि ती बिनविरोध आली. दाजी म्हणाले, आपल्या भट्टीवर वीट थापते, म्हणजे आपलीच. काशिरामनं वाडीला बोअरवेल मारून दिली होती. पाणी लागलं नाही, ही गोष्ट वेगळी. तोही म्हणाला, आपलीच. तिला विचारावं असं दोघांच्याही मनात आलं नाही. आपल्या गोठ्यातल्या म्हशीला कोण विचारतं?

मी गोदाला ओळखत होते. पावसाळ्यात ती मागच्या दाराशी चिंबोऱ्या आणि रानभाजी घेऊन यायची. हे खेकडे धरायची तिची नणंद ठमाबाई. विकायच्या दोघी मिळून. एकदा मी चिंबोऱ्या निवडत असताना गोदानं सांगितलं की तिची मुलगी तापानं गेली. कुठे पुरली, म्हटलं. वाडीच्या मसणवटीत, म्हणाली, आंब्याखाली. त्या दिवशी मी भाव केला नाही. तेवढंच केलं.

आणि दाजींचा नवा रस्ता त्याच मसणवटीतून जाणार होता. त्यांच्या प्लॉटांना हायवेकडून वाट नव्हती, आणि मधे आडवी होती ती कातकऱ्यांची एवढीशी जागा. काशिरामचे प्लॉट दाजींच्या प्लॉटांना लागूनच, त्यामुळे रस्ता त्यालाही हवा होता. दोघांचं भांडण रस्ता कुणाच्या सरपंचानं मंजूर करायचा, एवढ्याच गोष्टीवरून होतं. मंजुरी पंचायतीच्या ठरावानं मिळणार होती. खाली झोपलेल्यांना कोण विचारतंय?

त्या वर्षी सरपंच मेंबरांनीच आपल्यातून निवडायचा होता. सोडतीत सरपंचपद निघालं सर्वसाधारण महिलेसाठी. दाजींनी मला उभं करायचं ठरवलं, काशिरामनं त्याच्या सुनेला, अंकिताला. आम्हा दोघींना ते कळलं तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. अंकिता काय करत होती ते माहीत नाही, पण ती विचार करत नव्हती हे नक्की. विचार करायला घरात पुरुष होते.

तीन आणि तीन. सगळं येऊन अडलं गोदाच्या एका हातावर. अशा वेळी आमच्याकडे मेंबरांना सहलीला नेतात. कुठेतरी समुद्रकाठी बंगला घ्यायचा, मेंबरांचे फोन काढून घ्यायचे, त्यांना तीन-चार दिवस खाऊ-पिऊ घालायचं आणि निवडीच्या दिवशी गाडीतून थेट पंचायतीच्या दारात उतरवायचं. म्हणजे समोरच्या गटाचं वारं लागत नाही. शर्यतीच्या बैलालाही असंच जपतात, फक्त त्याला स्विमिंग पूल नसतो.

गोदाला आणायला मितेश गेला. पुढचं मला नंतर गोदानंच सांगितलं. वाडीला गाडी जात नाही. मितेशनं इनोव्हा मसणवटीपाशी लावली आणि हॉर्न मारत राहिला. हॉर्न ऐकून तिघं खाली आली: गोदा, तिचा नवरा शुक्रा आणि ठमाबाई. मितेश शुक्राला ओळखत होता, कारण निकालानंतर शाल-नारळ दिला होता तो शुक्राला, मेंबरबाईंचे मालक म्हणून. त्या दिवशी मेंबरबाई आमच्या अंगणात चपलांच्या बाजूला उभी होती. गोदाच्या डोक्यावर आता लाकडांची मोळी होती. ठमाबाई भाचीच्या लग्नाला निघाली होती, म्हणून तिनं नवं लुगडं नेसलं होतं. मितेशला नवं लुगडं दिसलं. त्याच्या अकलेला तेवढा पुरावा पुरेसा होता.

"चल गोदे, बस गाडीत. सहलीला जायचंय," तो ठमाबाईला म्हणाला.

तिघं एकमेकांकडे बघत राहिली. गोदा तिशीतली, ठेंगणी, हनुवटीवर गोंदलेली. ठमाबाई पन्नाशी ओलांडलेली, उंच, पुढचे दोन दात नसलेली. मितेश पुढे कैक दिवस सगळ्यांना सांगत होता की ते दिवस करोनाचे होते, मास्क होता. मास्क त्याच्या तोंडावर होता, तिच्या नाही.

"जा," गोदा ठमाबाईला म्हणाली. शुक्रानं खाली मान घातली. ठमाबाई गाडीत बसली.

गाडी घरी आली. पुढे दाजी बसले, मागे दिपा आणि अंकुशकाका. मी चढायला गेले तर मधल्या सीटवर ठमाबाई. मी तिच्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात दाजी मागे वळून म्हणाले, "मनिषा, गोदेला खिडकीपाशी बसव. सवय नाय तिला गाडीची, उलटी होल." मी तोंड मिटलं आणि खिडकीची जागा ठमाबाईला दिली.

मला खरंच वाटलं होतं की पेणच्या आत कुणाच्या तरी लक्षात येईल. दिपा गावात नवी सून, तिला माफ. पण अंकुशकाकांचं आयुष्य वाडीच्या वाटेवर गेलेलं. आणि दाजींच्या भट्टीवर तर गोदा दहा हंगाम वीट थापत होती. तरी गाडीत चौघं माणसं बसली आणि रस्ताभर तिला गोदे, गोदाताई, मेंबरबाई म्हणत राहिली. अडला हरी गाढवाचे पाय धरतो ते ठाऊक होतं. गाढव कुठलं ते न बघता धरतो, हे तेव्हा कळलं.

बंगला नागावला होता, नारळाच्या वाडीत. दुपारी जेवायला बसलो तर दाजींनी स्वतःच्या हातानं ठमाबाईच्या ताटात पापलेट वाढलं. माझं लग्न होऊन बारा वर्षं झाली, त्यांनी मला कधी पाण्याचा तांब्याही सरकवून दिलेला नाही.

"गोदे, लाजू नको, जेव. भट्टीवर तू दहा सालं हायस. आमी तुला घरचीच मानतो," दाजी म्हणाले.

"हां दाजी," ठमाबाई म्हणाली. तिनं उभ्या आयुष्यात भट्टीवर पाऊल टाकलेलं नव्हतं. ती काटे काढत सावकाश जेवली आणि आणखी एक तुकडा मागून घेतला. मितेशनं धावत जाऊन आणला.

संध्याकाळी सराव झाला. हे मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मीही खरं मानलं नसतं. मितेश खुर्चीवर बसून निवड घेणारा सरकारी साहेब झाला. आम्हा चौघांना समोर ओळीनं बसवलं.

"अंकिता, काशिरामची सून. कोण कोण?" तो म्हणाला. आम्ही गप्प.

"मनिषा मितेश. कोण कोण?" आम्ही हात वर केले. मी माझ्यासाठी, दिपा आणि काका दाजींसाठी, आणि ठमाबाई पापलेटासाठी. तिचा हात जरा उशिरा गेला, तर मितेशनं तिला पुन्हा करायला लावलं.

"गोदाताई, नाव आलं की लगेच. पुन्हा एकदा. शाबास."

दाजी झोपाळ्यावर बसून हे समाधानानं बघत होते. मधेच मितेशला गावाहून फोन आला आणि तो हसत सुटला. "काशिरामची पोरं गोदाला शोधत फिरतायत. वाडीत सांगितलं त्यांना, ती दाजींच्या गाडीतून गेली. आता बसा म्हणावं शोधत." काशिरामनं तेवढ्यावर शोध सोडला. आणि गोदा कुठे होती? दाजींच्याच भट्टीवर, रोजच्यासारखी वीट थापत. तिच्याकडे बघायला ना आमचं कुणी होतं, ना त्यांचं. ठमाबाईला "जा" म्हणताना तिला हे सगळं दिसलं होतं. आमच्या घरात तीन ग्रॅज्युएट आहेत, मी धरून, आणि एकालाही असलं काही सुचलं नसतं.

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरल्यावर मी आणि ठमाबाई पायरीवर बसलो होतो. पुरुष आत पत्ते खेळत होते. ठमाबाईनं तंबाखू मळली.

"तुला ठाव हाय. मग बोलत का नायस?" ती म्हणाली.

"बघतेय, कुणाला कळतंय का."

"कळाचं नाय. बघितलंच नाय त्यांनी कदी, तं कळल कसा?"

"गोदा काय करणार आहे, मावशी?"

"ती जाने. मत तिचा हाय."

मी म्हटलं, "तिनं इकडे दिलं काय, तिकडे दिलं काय, रस्ता दोघांनाही हवाय. एका मतानं काय होणार?"

ठमाबाईनं तंबाखू ओठाखाली ठेवली. "एका मताच्या पायी तुज्या सासऱ्यानं मला पापलेट वाढला. काय तरी होत आसल."

मला हसू आलं. ती हसली नाही. म्हणाली, "तुमी मानसा जालता, राख पान्यात सोडता, झाला. आमचा मानूस तिथंच ऱ्हातो. माजा घो तिथं हाय. गोदाची पोर तिथं हाय. वर डांबर टाकला तं आमी बसाचा कुठं?"

आत मितेश पत्ते आपटून ओरडला, जिंकला असावा. खरं सांगायचं तर तोवर मला ही सगळी गंमत वाटत होती. गाढवांची वरात बघायला चांगली जागा मिळाली होती, आणि मी ती बघत होते. त्या पायरीवर पहिल्यांदा मला माझीही लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून त्या सगळ्यांचा जास्तच राग आला.

निवडीच्या दिवशी आमची गाडी पंचायतीच्या दारात उभी राहिली. काशिराम आणि त्याची माणसं आधीच आली होती. मितेशनं उतरून दार उघडलं, ठमाबाईसमोर कमरेत वाकून हात जोडले. ती उतरली, पदर सारखा केला आणि उलट्या दिशेला चालू लागली.

"अगं गोदे, कुठं? इकडं, इकडं," दाजी म्हणाले.

"माजा काम झाला दाजी. लगीन चुकला, भाचीचा तोंड तरी बघून येतू," ती म्हणाली आणि रिक्षाच्या स्टँडकडे गेली.

दाजींना काही कळेना. ते पंचायतीच्या दारापर्यंत आले. आत, साहेबांच्या टेबलासमोर, गोदा खुर्चीत बसली होती. हातांना अजून भट्टीची माती होती. निवडून आल्याचा दाखला आणि आधार कार्ड तिनं समोर ठेवलं होतं, आणि साहेब ते तपासून परत देत होते.

"ही कोन?" दाजींनी विचारलं. सगळ्या गावासमोर विचारलं.

"ही गोदा," मी म्हणाले.

"मग ती कोन?"

"ती ठमाबाई. शुक्राची बहीण."

"तुला कदी कळला?"

"गाडीत बसले तेव्हाच."

दाजींनी माझ्याकडे बघितलं. काशिराम मोठ्यांदा हसला, त्याची माणसं हसली. मितेश काहीतरी बोलायला लागला, पण साहेबांनी हात दाखवला. आत फक्त सदस्य, बाकीच्यांनी बाहेर थांबायचं. शिपायानं दार लावलं. आत आम्ही सात उरलो. काही झालं तरी मेंबर आम्हीच होतो, आणि मेंबरांचे मालक, सासरे, भाऊबंद सगळे बाहेर. दाजी एका खिडकीच्या गजांना धरून उभे राहिले, काशिराम दुसऱ्या.

साहेबांना त्याच दिवशी आणखी एका गावाची निवड उरकायची होती. म्हणाले, आधी अर्ज द्या, वेळ संपली की लगेच मतदान घेतो. अंकितानं अर्ज टेबलावर ठेवला. माझा अर्ज माझ्या पर्समध्ये होता. तो मितेशनं भरला होता, मी फक्त सही केली होती. मी पर्सची चेन उघडली.

"साहेब, मी या दोघींना एक इचारू का?" गोदा म्हणाली.

साहेब म्हणाले, विचारा, पण लवकर.

गोदा आमच्याकडे वळली. "आमच्या मसणवटीतून रस्ता जाल का नाय जाल? जी नाय बोलल, तिला माझा हात."

अंकितानं खिडकीकडे बघितलं. काशिराम जोरजोरानं मान हलवत होता, बोल, नाय म्हणून बोल. मी दुसऱ्या खिडकीकडे बघितलं. दाजीही तशीच मान हलवत होते. जन्मात कधी एका गोष्टीवर ज्यांचं जमलं नाही, त्या दोन म्हाताऱ्यांची मान एका तालात हलत होती. शब्द द्यायला यांचं जातंय काय? सरपंच झाल्यावर शब्द कोण मोजतंय?

"नाय जाणार रस्ता," अंकिता म्हणाली. शाळेत कविता म्हणतात तशी म्हणाली.

आता मी. मला खोटं बोलता येत नाही असं अजिबात नाही. बारा वर्षं त्या घरात मी तेच करते आहे. हो दाजी, बरं दाजी, तुमचंच बरोबर दाजी. पण गोदानं खिडकीला विचारलं नव्हतं, मला विचारलं होतं. मेंबर होऊन महिना झाला होता आणि मेंबर म्हणून मला कुणी विचारलेली ती पहिलीच गोष्ट होती.

"माझ्या शब्दावर जाऊ नकोस गोदा," मी म्हणाले. "मी सरपंच झाले तर मितेश कागद आणून पुढे ठेवील आणि मी सही करीन. अंकिताचंही तेच होईल. विचार तिला."

अंकितानं मान खाली घातली. नाही म्हणाली नाही.

"मग मी कुनाला देऊ?" गोदानं विचारलं.

"स्वतःला दे. जागा बाईसाठी आहे. तू बाई आहेस, मेंबर आहेस. तूच उभी राहा."

"मला कोन मत देल?"

"मी देईन."

ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्यावर विश्वास ठेवावा असं मी तिच्यासाठी आजवर काही केलं नव्हतं, आणि ते तिला पुरतं ठाऊक होतं. मग ती साहेबांना म्हणाली, "कोरा कागद हाय का?" साहेबांनी घड्याळ बघून कोरा अर्ज काढून दिला. मी भरला, तिनं सही केली. बाहेरून मितेश हाका मारत होता, "मनिषा, आपला अर्ज दे. अगं, अर्ज दे आपला." मी पर्सची चेन लावली.

वेळ संपली. साहेबांनी वाचलं: दोन अर्ज, अंकिता आणि गोदा.

"अंकिता यांच्या बाजूनं?" तीन हात वर गेले.

"गोदा यांच्या बाजूनं?"

माझा हात वर गेला. गोदाचा गेला. दिपा आणि अंकुशकाका खिडकीकडे बघत राहिले. सहलीत त्यांना हात वर करायला शिकवलं होतं, पण ते माझ्या नावावर, आणि माझं नाव तर यादीतच नव्हतं. सगळं आता दाजींवर आलं. त्यांनी गप्प राहायचं, म्हणजे सरपंच काशिरामच्या घरात. बोलायचं, म्हणजे आपल्या भट्टीवरची कातकरीण आपल्याच गावाची सरपंच. जमिनी विकताना त्यांनी एवढा विचार केला नसेल. त्यांच्या कपाळावरची शीर उडताना मला आतून दिसत होती.

तेवढ्यात काशिराम हसला. फार नाही, थोडंसंच. गप्प राहिला असता तर गाव त्याचं होतं. पण त्याच्यानं राहवलं नाही, आणि दाजींना भावकीचं हसू सोसवेना. त्यांनी गजांतून दंडापर्यंत हात आत घातला आणि तो वर केला.

"गोदेला द्या. अंकुश, दिपा, हात वर करा. गोदेला."

दोन हात वर गेले. साहेबांनी मोजले आणि लिहिलं, चार विरुद्ध तीन.

मी बाहेर आले तेव्हा दाजी लोकांना सांगत होते, "आपलीच हाय. दहा सालं आपल्या भट्टीवर हाय. मीच सांगितला तिला द्या म्हणून." आणि लोक माना डोलवत होते. गोदा गर्दीतून वाट काढत निघून गेली. जाताना माझ्यापाशी थांबली नाही. आभारही मानले नाहीत, आणि ते बरंच झालं. आभार मानण्यासारखं मी एकच काम केलं होतं, आणि ते करायला मला सगळा जन्म लागला होता.

घरी मितेशनं आकाशपाताळ एक केलं. मी घर बुडवलं, त्याला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. मग दाजींकडे वळून म्हणाला, "हिला आजच्या आज चिरनेरला पाठवा, तिच्या बापाकडं."

दाजी म्हणाले, "बॅग भर."

"भरते," मी म्हणाले. "सून म्हणून तुम्ही मला आज काढू शकता. पण मेंबर म्हणून मी पाच वर्षं आहे. दर सभेला चिरनेरहून एसटीनं येईन आणि मसणवटीच्या विरोधात ठराव आला की गोदाच्या बाजूनं हात वर करीन. मेंबरला काढायचं तर मतं लागतात दाजी. तुमच्याकडे दोनच आहेत. मला काढायला असो की रस्त्याला, बाकीची काशिरामच्या दारात जाऊन मागावी लागतील."

दाजी खुर्चीत बसले. त्यांना हिशेब चांगला कळतो, ते मी कधीच नाकारलं नाही. बॅगेचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा गाळत होते. दाजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. बारा वर्षांत ते त्या दाराशी कधी आले नव्हते; काही हवं असलं तर अंगणातून हाक मारायचे. कडक इस्त्रीचे कपडे होते, काखेत शाल आणि हातात नारळ.

"मनिषा," ते म्हणाले, "वाडीत गोदेचा घर कंचा?"

दहा हंगाम जिनं त्यांच्या विटा थापल्या, तिचं घर ते सुनेला विचारत होते. मी चहाची गाळणी झटकली.

"सरपंचबाईंचं घर कुठलं, असं विचारा. कुणीही दाखवील," मी म्हणाले. "गाडी मसणवटीपाशी ठेवा. पुढे रस्ता नाही."